चौथा थर

नवनाथ गावडेच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेला एक खपली धरली होती. ती निघायची, थोडं रक्त यायचं, पुन्हा धरायची. असं सात महिने चाललं. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. सांगायला घरात होतं तरी कोण? मुलगी ऋतुजा सकाळी सातला ड्रोनची पेटी गाडीला बांधून डाळिंबाच्या बागा फवारायला जायची, ती दिवस मावळताना यायची. बायकोला, वैजयंताला, जाऊन दोन वर्षं झाली होती.

शेवटी न्हाव्यानं पकडलं. आटपाडीच्या एसटी स्टँडसमोर दाजी काशीदचं दुकान आहे. नवनाथ तिथं बावीस वर्षं केस कापून घेत होता.

"डायवर, ह्यो कान किती दिवस असा हाय?"

"खरचटलंय."

"गेल्या सात येळंला मीच केस कापले तुमचे. दरयेळी तिथंच खरचटतंय व्हय? कुठल्या खिळ्याला कान घासत बसताय?"

बाकावर बसलेली माणसं हसली. दाजी हसला नाही. त्यानं डाव्या बाजूचे केस व्यवस्थित कापले आणि उजवी बाजू तशीच ठेवून कात्री पुसून आत टाकली.

"अरं, पुरं कर की."

"कान दाखवून या. मग पुरं करतो."

"ह्या अवतारात गाडी चालवू?"

"म्हणून तर."

नवनाथ चिडला, दोन शिव्या दिल्या. पण अर्ध्या डोक्यानं ड्यूटीवर जायची लाज वाटली म्हणून रजा टाकली, आणि रजा टाकली म्हणून मिरजेला गेला. दाजीनं ही युक्ती केली नसती तर तो आणखी सात महिने गेला नसता.

मिरजेच्या डॉक्टर मुजावर मॅडमनी कागद बघायच्या आधी कान बघितला, मग गालाची उजवी बाजू, मग डावी. म्हणाल्या, "काका, तुम्ही ड्रायव्हर का?"

"तुमाला कसं कळलं?"

"उजवी बाजू डाव्या बाजूपेक्षा दहा वर्षांनी म्हातारी आहे तुमची."

एकतीस वर्षं तो आटपाडी–पुणे गाडी चालवत होता. सकाळी गाडीचं तोंड उत्तरेला, तेव्हा सूर्य उजव्या खिडकीत. दुपारी परतीला तोंड दक्षिणेला फिरायचं, तोपर्यंत सूर्यही पश्चिमेला गेलेला असायचा, म्हणजे पुन्हा उजव्याच खिडकीत. जाताना तेच आणि येताना तेच. टोपीनं डोकं झाकायचं, कान उघडाच राहायचा.

आठ दिवसांनी तपासणीचा कागद आला. कातडीचा कॅन्सर. लहान आहे, कानाच्या बाहेर गेलेला नाही, कापून काढला की झालं, असं मॅडम सावकाश सांगत होत्या. नवनाथनं पहिला शब्द ऐकला होता. पुढचं त्याला ऐकूच आलं नाही. शेजारी बसलेल्या ऋतुजानं ते सगळं वहीत लिहून घेतलं.

पूर्वी हे काम असं चालायचं. डॉक्टर डागाभोवतीचा पातळ थर कापायचे, तो गोठवून त्याचे काप करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याची कड बघायचे. कडेला कॅन्सरची पेशी दिसली तर त्या जागचा आणखी एक थर. नाही दिसली तर काम संपलं. आहे की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि उत्तर माणसाचा डोळा द्यायचा.

तीन वर्षांपूर्वी नवं यंत्र आलं. ते थर स्वतःच कापतं, आणि कापलेल्या थरातल्या एकेका पेशीचं बीज, म्हणजे डीएनए, वीस मिनिटांत वाचतं. उन्हानं प्रत्येक पेशीच्या बीजावर ओरखडे उठलेले असतात. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या. अगदी निरोगी दिसणाऱ्या कातडीतही. त्यातले कुठले ओरखडे पुढं कॅन्सर होतात, हे यंत्र लाखो रोग्यांवरून शिकलेलं आहे. म्हणून ते आज काय आहे एवढंच सांगत नाही, पुढच्या वीस वर्षांत काय होईल तेही सांगतं. पडद्यावर कानाचा नकाशा येतो. लाल म्हणजे कॅन्सर. पिवळं म्हणजे अजून नाही, पण होऊ शकतो. आणि खाली एक आकडा येतो: इथं थांबलो तर शंभरातल्या किती जणांना तो परत होईल.

तो आकडा शून्य कधीच येत नाही. उन्हात फिरलेल्या माणसाचा येऊच शकत नाही.

मग थांबायचं कुठं? पहिल्या वर्षी डॉक्टर ठरवायचे. एका रोग्याला परत कॅन्सर झाला, त्याच्या घरच्यांनी खटला भरला की यंत्र सांगत होतं तरी डॉक्टर का थांबले. त्यानंतर नियम झाला. आकडा रोग्यानं लिहायचा, स्वतःच्या हातानं, ऑपरेशनच्या आधी. डॉक्टरांनी सल्ला द्यायचा नाही आणि तो आकडा कुणाला सांगायचाही नाही. फक्त एक माहिती द्यायची मुभा होती: जुन्या पद्धतीत डॉक्टर ज्याला स्वच्छ म्हणायचे, त्याचा आजच्या हिशेबानं आकडा पाचच्या आसपास भरतो.

"पाच लिहा, पप्पा," ऋतुजा म्हणाली. "एवढी वर्षं सगळे पाचवरच थांबत होते. जगलेच ना ते?"

"व्हय."

"व्हय म्हणजे?"

"पाच लिवतो म्हणलं की. जा, च्या घिऊन ये."

ती गेली. नवनाथनं अर्ज गुडघ्यावर ठेवला.

वैजयंता त्याच्याच गाडीवर अकरा वर्षं कंडक्टर होती. तिच्या छातीत गाठ निघाली तेव्हा सर्जननं काढली आणि म्हणाला, काळजी करू नका, शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांना परत होत नाही. दोघांनी दवाखान्याबाहेर उभं राहून उसाचा रस प्यायला होता. अठ्ठ्याण्णव! वैजयंता म्हणाली होती, मला दहावीला एवढे पडले असते तर मी तुमच्या गाडीत घंटी मारत उभी राहिले असते व्हय? दोन वर्षांनी ती गेली.

तेव्हापासून नवनाथला शंभरात दोन हा आकडा आकडा वाटायचा नाही. त्याच्या गाडीला चव्वेचाळीस सीट. शंभरात दोन म्हणजे गाडी भरली की जवळजवळ एक माणूस. आरशातून मागं बघितलं तर दिसेल असा. पाच म्हणजे दोघं. कुठल्या तरी सीटवर बसलेले.

त्यानं शून्य लिहिलं. समोरच्या खिडकीतल्या बाईनं कागद परत दिला. "शून्य चालत नाही काका, मशीन घेत नाही."

"मग कमीत कमी किती?"

"शून्य पूर्णांक एक."

म्हणजे हजारात एक. तेवीस गाड्या भरून माणसं नेली की त्यात एक. त्यानं ते लिहिलं, सही केली आणि कागद आत सरकवला. ऋतुजा चहा घेऊन आली.

"लिहिलंत?"

"पाच," तो म्हणाला.

आई बरी होईल, असं तो तिला सांगत आला होता. त्यानंतर ही पहिलीच थाप.

*

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्याला हात थरथरू नयेत म्हणून एक गोळी दिली. सिस्टर म्हणाली, आता या गोळीनंतर आकडा बदलता येणार नाही हं. गुंगीत केलेली सही धरत नाहीत. नवनाथनं मान हलवली.

कान बधिर केला. डोकं मऊ पट्ट्यांनी खुर्चीला बांधलं. वरून एक पांढरा हात खाली आला, पेनाएवढ्या टोकाचा. दुखलं काहीच नाही. फक्त आवाज आला, ओला कागद फाडावा तसा, आणि तो आवाज ज्या कानातून ऐकू आला तोच कान कापला जात होता. 

पहिला थर निघाला. कानावर बोळा बांधून त्याला बाहेरच्या खोलीत बसवलं. तिथं सगळे असेच बसलेले होते. कुणाच्या गालाला पट्टी, कुणाच्या कपाळाला. थर कापायचा, बाहेर येऊन बसायचं, बोलावलं की पुन्हा आत. ऋतुजा अर्जांच्या खिडकीपाशी रांगेत होती. नवनाथच्या शेजारी एक उंच, सत्तरीचे गृहस्थ बसले होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चेहऱ्यावरून नाक काढलं, आतून पुसलं आणि पुन्हा लावलं. टक्‌ असा चुंबकाचा आवाज झाला.

नवनाथ दचकला.

"घाबरू नका. रबराचं आहे," ते म्हणाले. "हणमंत गुरव. पी.टी. मास्तर होतो. आयुष्य मैदानावर गेलं, उन्हात. तुमचा कान का?"

"व्हय. तुमचं नाक... सगळंच गेलं?"

"डाग होता मसुरीएवढा." गुरव मास्तर हसले. "आता शिंक आली की रुमालाआधी नाक धरायचं. एकदा लग्नात पंगतीत पडलं. वाढपी म्हणाला, मास्तर, कुरडई पडली तुमची."

नवनाथला हसू आलं आणि कान ओढला गेला. मग त्यानं हळूच विचारलं, "आकडा किती लिवला हुता?"

"सगळ्यांत कमी. शून्य पूर्णांक एक. बायको म्हणाली कशाला धोका घ्यायचा." मास्तरांनी बोटानं गाल दाखवला. "गेल्या महिन्यात मशीन आणखी शिकलं. माझे जुने काप पुन्हा वाचले त्यानं. तेव्हा शून्य पूर्णांक एक होता तो आता शून्य पूर्णांक चार झाला. मग काय, आलो पुन्हा. आज गाल."

"पण कॅन्सर हाय का तिथं?"

"नाही. पूर्वीही नव्हता पहिल्या थरानंतर." त्यांनी रुमाल घडी घालून खिशात ठेवला. "पण एकदा कळल्यावर घरी झोप लागते होय?"

नवनाथला पुन्हा आत बोलावलं. दुसरा थर. या वेळी कानाची वरची सगळी कड गेली. अर्ध्या तासानं मुजावर मॅडम स्वतः बाहेर आल्या. ऋतुजा उठून उभी राहिली.

"लाल संपलं," मॅडम म्हणाल्या. "कॅन्सर पूर्ण निघाला आहे."

ऋतुजानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग लगेच फोन काढला. "मावशीला सांगते. पप्पा, ऐकलंत ना? संपलं!"

"आकडा एक पूर्णांक आठ आहे," मॅडम पुढं म्हणाल्या. त्या नवनाथकडे बघत होत्या. "तिसरा थर घ्यावा लागेल."

ऋतुजाचा हात थांबला. "एक पूर्णांक आठ म्हणजे पाचच्या खाली. मग तिसरा कशाला?"

 मॅडमना बोलायची परवानगी नव्हती. त्यांनी कागदाकडे नजर वळवली, आणि तेवढ्यानंच ऋतुजाला कळलं. ती बापाकडे वळली. नवनाथ तिच्याकडे न बघता उठला आणि आपणहून आत चालत गेला.

*

तिसऱ्या थरात कानाची वाटी गेली. त्यानं भिंतीवरच्या काचेत बघितलं. बोळा बांधायच्या आधी एक क्षण दिसलं. कानाची पाळी खाली लोंबत होती आणि तिच्या वर काही नव्हतं. वर बघायला नको म्हणून तो पाळीकडेच बघत राहिला.

बाहेर आला तर ऋतुजा त्याची वाट बघत उभी होती. गुरव मास्तर दोघांकडे बघून पलीकडच्या बाकावर जाऊन बसले.

"किती लिहिलंत?"

"झीरो पॉइंट एक."

"माझ्यासमोर पाच म्हणालात."

"म्हणलो."

"मी मावशीला काय सांगू आता? कॅन्सर निघाला, पण माझा बाप अजून कापून घेतोय?"

नवनाथ बसला. गोळीमुळे जीभ जड झाली होती. "ऋतू, तुझी आई दोनातली हाय."

"मला माहीत आहे."

"तुला सगळं म्हाईत न्हाय. त्या डॉक्टरनं तिला इचारलं हुतं. आणखी थोडं काढू का, म्हणजे अठ्ठ्याण्णवाचं नव्व्याण्णव हुईल. तिनं माझ्याकडं बगितलं." त्यानं कानावरचा बोळा चाचपला. "मी म्हणलं, बास."

हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. ती त्याच्या शेजारी बसली.  आत यंत्राचा पंखा फिरत होता.

"मग आता तुम्ही तिच्या वाटणीचं कापून घेणार?" ती हळू म्हणाली.

तेवढ्यात मुजावर मॅडम आल्या. हातात पाटी होती, तिच्यावर त्याच्या डोक्याचा नकाशा. लाल कुठंच नव्हतं. कानाच्या पुढं, गालाकडे, पिवळ्याचा एक पट्टा होता. आकडा शून्य पूर्णांक सहा.

"चौथा थर इथं आहे," त्यांनी दाखवलं. "इथून एक नस जाते. चेहरा हलवणारी. ती कापली गेली तर उजवा डोळा मिटणार नाही, ओठ वाकडा होईल. गाडीचं लायसन राहणार नाही. नस जवळ आली की मशीन स्वतः थांबून पुन्हा विचारतं. उत्तर तुम्ही द्यायचं, काका. मी नाही, मुलीनंही नाही."

"आकडा बदलता येत नाही ना आता?" ऋतुजानं विचारलं.

"नाही. पण नको म्हणता येतं. नको म्हणायला सही लागत नाही, आणि हो म्हणायला अर्जावरची सही आहेच." त्यांनी एक छोटं बटण दाखवलं, वायर असलेलं. "बोलायचं नाही. बोललं की जबडा हलतो, जबडा हलला की कान हलतो. हे हातात द्यायचं. एकदा दाबलं तर चालू ठेवा, दोनदा दाबलं तर थांबा. चुकून बोट लागून मशीन अर्ध्यात अडू नये म्हणून थांबायला दोनदा. लक्षात राहील?"

नवनाथनं मान हलवली. तो ऋतुजाकडे बघत होता. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं.

"पप्पा," ती म्हणाली, "कान नसला तरी मला चालेल. डोळा वाकडा झाला तरी मी काय सोडून जाणार आहे का? पण तुम्ही पाचव्याला पण हो म्हणाल. मग सहाव्याला. त्या मास्तरांसारखं." तिनं त्याचा हात धरला. "आई गेली ती एकदाच गेली. तुम्ही असे थोडे थोडे जाताय. ते मला नाही बघवत."

सिस्टरनं नाव पुकारलं. त्यानं हात सोडवून घेतला आणि आत गेला.  

*

डोकं पुन्हा पट्ट्यांत अडकलं. उजव्या हातात बटण. पांढरा हात खाली आला आणि गालापासून बोटभर अंतरावर थांबला. समोरच्या पडद्यावर अक्षरं आली: पुढे नस आहे. पुढे जायचं का?

वेळ होता. यंत्र घाई करत नव्हतं. ते विचारून शांत उभं राहिलं होतं.

नवनाथनं पिवळ्या पट्ट्याचा विचार केला. हजारात सहा. ते सहा जण कसे दिसत असतील? त्यांच्या बायका आहेत का? मग त्याला वाटलं, आपण वैजयंताला बास म्हणालो तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय होतं? इतके दिवस तो ते आठवायला घाबरत होता. आज आठवलं. ती हसली होती. तिला बासच म्हणायचं होतं. ती फक्त कुणीतरी आधी म्हणायची वाट बघत होती.

आणि बाहेर एक मुलगी बसली होती, तीही तेच म्हणत होती.

बास, त्यानं मनाशी ठरवलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. थांबायचं.

त्यानं बटण दाबलं. एकदा.

एकतीस वर्षं गाडीत एकच कायदा त्यानं पाळला होता. एक घंटी म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. दोरी गेली, बटण आलं, विजेच्या गाड्या आल्या, पण तो कायदा कुणी बदलला नाही. झोपेत घंटी वाजली असती तरी त्याचा पाय एकाला ब्रेकवर आणि दोनला पुढं गेला असता. त्यानं विचार करून एकदा दाबलं नव्हतं. थांबायचं ठरवलं आणि बोटानं आपलं काम केलं.

"संमती नोंदली," यंत्र म्हणालं. बाईचा आवाज होता, गोड.

पांढरा हात खाली आला.

काय झालं ते नवनाथला कळेना. आपण थांब म्हटलंय. हे का येतंय? त्यानं बटण पुन्हा दाबलं, जोरात, दाबून धरलं, गाडी उतारावर सुटल्यावर ब्रेक दाबतात तसं. एकदाच, पण सगळ्या जिवानिशी. गालात ओला कागद फाटल्याचा आवाज सुरू झाला. बोटाला घाम सुटला होता, बटण निसटलं आणि वायरीला लोंबायला लागलं. मग त्याला आठवलं. दोनदा. ह्यांचं उलटं आहे. दोनदा!

तो तोंड उघडून ओरडला, "थांबव!"

जबडा हलला आणि यंत्र जागच्या जागी थिजलं. सगळ्याला मिळून तीन सेकंद लागले असतील. मुजावर मॅडम धावत आल्या. त्यांनी खाली वाकून बघितलं, त्यांच्या मास्कच्या वरचे डोळे त्याला दिसले, आणि काय झालं ते त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

"डोळे मिटा, काका," त्या म्हणाल्या.

त्यानं मिटले. उजव्या डोळ्यासमोरचा दिवा जात नव्हता.

*

पंधरा दिवसांनी ते टाके काढायला आले. दर तासाला ऋतुजा त्याच्या उजव्या डोळ्यात औषधाचा थेंब टाकायची आणि झोपताना पापणी चिकटपट्टीनं बंद करायची. पाणी पिताना ओठातून गळायचं. डेपोनं त्याला चौकशीच्या खिडकीत बसवायचं कबूल केलं होतं. दाजी काशीद घरी येऊन राहिलेले केस कापून गेला. त्या दिवशी त्यानं एकही विनोद केला नाही.

घंटीचं त्यानं ऋतुजाला सांगितलं होतं. "तुझं ऐकलं हुतं मी," तो म्हणाला होता. "थांबलोच हुतो. बोटानं घोटाळा केला." ते ऐकून ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून पहिल्यांदा रडली होती, आणि त्यानंतर घरात दोघांचं बरं चाललं होतं. डोळा गेला तो गेला. भीतीही त्याच्याबरोबर गेली असं नवनाथला वाटत होतं.

मॅडमनी टाके काढले, जखम बघितली, मग खुर्ची ओढून समोर बसल्या. त्यांच्यासमोर एक पाकीट होतं.

"चौथा थर अर्धाच निघाला होता. त्यामुळे त्याचा आकडा मशीनला काढता आला नाही. पण जेवढा निघाला तेवढा वाचला आहे. निकाल ऐकायचा की नाही ते तुमच्यावर आहे. नाही म्हणालात तर मी हे बंद करून ठेवते."

"नको," ऋतुजा म्हणाली. "झालं ते झालं."

नवनाथ त्या पाकिटाकडे बघत राहिला. आत पिवळंच असेल तर डोळा फुकट गेला. तसंच असावं, असं त्याला मनापासून वाटलं. फुकट गेला असेल तर बास म्हणणारा माणूस चुकत नाही. एकदा तरी चुकत नाही.

"सांगा," तो म्हणाला.

मॅडमनी कागद बाहेर काढला. "लाल होतं. एक ठिपका. दहा-बारा पेशी. नसेच्या अगदी कडेला लपला होता, म्हणून नकाशात दिसला नाही."

ऋतुजा कागदाकडे वाकली.

"याचा अर्थ नीट समजून घ्या," त्या घाईनं म्हणाल्या. "शरीर असे ठिपके स्वतःच मारत असतं. याचं पुढं काहीच झालं नसतं, असंही असेल. किंवा दोन वर्षांत गाठ आली असती. मशीनला ते सांगता येत नाही. मलाही येत नाही."

"म्हणजे," ऋतुजा म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट झाला होता. "मी थांबा म्हणाले. पप्पांनी माझं ऐकलं. त्यांचं बोट चुकलं म्हणून ते आज जिवंत आहेत."

"असं कुणी म्हणू शकत नाही, बाळ."

"नाही असंही म्हणू शकत नाही ना?"

मॅडमनी कागद पुन्हा पाकिटात घातला.

नवनाथनं तिचा हात धरायला हात पुढं केला. तिचा हात जागेवर नव्हता. तो तिच्या कानावर गेला होता. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत कानाची कड धरून ती हळूहळू चाचपत होती, वरून खाली. चार वर्षं ती उन्हात बागा फवारत होती. सकाळी सात ते संध्याकाळी सहा, मान वर करून, ड्रोनकडे बघत.

"माझा कान आज बघून होईल का?" तिनं विचारलं.

"तुला कशाला? तुला खपली न्हाय, डाग न्हाय," नवनाथ म्हणाला. ओठ वाकडा असल्यामुळे शब्द फुटके आले.

"डाग नसतो सुरुवातीला."

"ऋतू, तूच म्हणली हुतीस की बास करा."

"चूक म्हणाले होते."

"मग आकडा तरी पाच लिव. माझं ऐक. पाच."

तिनं त्याच्याकडे बघितलं. आईसारखेच डोळे होते तिचे. त्यांत राग नव्हता, प्रेमच होतं, पण त्याच्या मागं काहीतरी पळत होतं, आणि नवनाथ ते लांबूनही ओळखू शकत होता.

"बघू," ती म्हणाली.

नुसतं बघायचं तरी पहिला थर कापावाच लागतो, म्हणून सिस्टरनं अर्ज आणून दिला. ऋतुजानं उभ्याउभ्याच तो भरला. आकड्याच्या चौकटीपाशी ती थांबली नाही, विचारही केला नाही. मग आतल्या दाराशी जाऊन तिनं केस मागं बांधले, दोन्ही कान मोकळे केले, आणि खुर्चीत जाऊन बसली. सिस्टरनं कान बधिर करून डोकं पट्ट्यांनी बांधलं. दार उघडंच होतं. पांढरा हात वरून खाली यायला लागला.

नवनाथला डोळे मिटून घ्यावेसे वाटले. डावा मिटला.